काजलची ओटी

नागपूर, २० जानेवारी २०२६

सौ. वेदिकास,

तुह्या सासूचे आशीर्वाद.

इकडं बरं म्हणायचं. थंडी अजून गेली नाही. काल गच्चीवर मूगवड्या घातल्या, तं दुपारपर्यंत त्याईच्यावर कोळशाच्या वीज केंद्राच्या चिमणीची राख बसली. झटकल्या अन् भरल्या डब्यात. बाबा खोकलून राहिले, पण त्याईचा खोकला काही आजचा नाही.

फोनच केला असता, पण अमोल मधात बोलते. म्हणून चिठ्ठी. त्याले दाखवू नको.

सातव्या महिन्याची ओटी भरायले तू इकडं येऊन राहिली म्हणे. तिकिटं बी काढली. येऊ नको वं बाई. तिथंच, तुह्या अणुवीज केंद्राच्या कॉलनीत भरून घे.

काहून, ते तुले समजलं पाहिजे. दिवाळीत तू बाबाले सांगत होती. अणूच्या विजेले धूर नाही, देशाले कारखाने वाढवायचे तं हीच वीज पाहिजे, कोळसा आज ना उद्या बंद होणारच. बाबा भरल्या ताटावरून उठले. ज्या चिमणीनं तुह्या नवऱ्याले इंजिनियर केलं, आमच्या जावयाले नोकरी देली, तिची तेरवी तू आमच्याच घरात बसून करून राहिली होती.

अन् त्याच संध्याकाळी तू तुह्या नणंदेची, काजलची ओटी भरली. नारळ, तांदूळ, हिरवा खण. तिच्या पोटावर हात ठेवून हसली.

तू विचारत होती ना, काजलच्या पोरीचा फोटो काहून नाही पाठवत? सव्वा महिना फोटो काढत नाही, असं मीच अमोलले सांगायले लावलं. पोरगी मेलेलीच झाली वं. केस होते, नखं होती. रडली नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाले बायका आल्या. शेजारची सिंधूताई म्हणे, "अणुवाली सून पोटाले हात लावून गेली, तिथंच घात झाला." मी नाही म्हटलं नाही. उलट म्हटलं, "मलेबी तसंच वाटते."

डॉक्टरीणबाई वेगळं बोलल्या होत्या. राख, धूर, पुढच्या खेपेले पोरीले इथं ठेवू नका. आता तूच सांग, चिमणीचं नाव कोणत्या तोंडानं घेऊ? जावयाची नोकरी तिची, बाबाची पेन्शन तिची, गल्लीतली एकूण एक चूल तिच्यावर पेटते. तुह्यं नाव घेतलं तं कोणाची भाकर जात नाही. म्हणून तुह्यं घेतलं.

काजलनंबी मानलं. तू देलेला खण तिनं जाळला, अन् त्या दिवसापासून दोन घास खाऊन राहिली. दोष द्यायले माणूस भेटलं की जीव हलका होते. आता तू भरल्या पोटानं, हसत दारात उभी राहिली, तं ती मले विचारंल, "आई, हिचं कसं नीट?" मंग मी कोणाचं नाव घेऊ?

तुह्यं लेकरू धडधाकट झालं, तं माह्या पोरीचं लेकरू पुन्हा मरते. माह्याच अमोलचं रक्त आहे, समजते मले. "सुखरूप मोकळी हो" एवढं लिहायले कितीदा पेन उचलला. नाही लिहवत.

काजलची आई,
इंदूबाई