पाहुणीचं गाणं कापत नाहीत

बनशंकरी, बेंगळूरु
८ ऑक्टोबर २०२५

घरात जन्मलेल्या पोरीला पाहुणी म्हणून छापायची अक्कल कुणाची, ते मला आधी कळलं पाहिजे. काल तुझी आई बाजारातून येताना आपल्या ऑर्केस्ट्राचं नवं पोस्टर घेऊन आली. कन्नडात आहे, पण बसच्या पाट्या वाचून वाचून मला तेवढं येतं. नऊ नोव्हेंबरपासून चार रविवार, चार कार्यक्रम, चार पाहुणे कलाकार. पहिल्या रविवारी टीव्हीच्या स्पर्धेत जिंकलेला तो शार्दूल, मग हुबळीचा बासरीवाला, मग म्हैसूरच्या दोघी बहिणी, आणि शेवटच्या रविवारी, खाली फुलांच्या चौकटीत, पुण्याची दिव्यश्री. पुण्याची! तुझं बारसं मी याच घरात केलं. जानेवारीत नोकरीला गेलीस आणि ऑक्टोबरात पुण्याची झालीस?

चि. दिव्यश्रीस अज्जीचे आशीर्वाद. हे आधी लिहायचं असतं ते ठाऊक आहे मला. पण राग आधी आला.

तुझ्या बापाला विचारलं, ऑर्केस्ट्रा तोच चालवतो ना. उल्हासची सवय तुला माहीत आहे. मान हलवली, मोबाइल कानाला लावला आणि चालता झाला. श्यामलाला, तुझ्या आईला विचारलं तर म्हणाली, मला यात घेऊ नका. म्हणून आता तुला विचारते. फोन करू नकोस. फोनवर मला नुसतं कांदे तळल्यासारखं ऐकू येतं. तिसरीपर्यंत शिकले आहे ते वाया घालवायचं नाही, कागदावर लिही.

बाकी सगळं झकास. हॉल ठरला, पहिल्या रविवारची तिकिटं संपत आली. तालमी यशवंतपूरला, त्याच कांद्याच्या गोदामावरच्या खोलीत. तुझ्या जागी कस्तुरी म्हणून एक मुलगी घेतलीय. सुरात आहे, पण गाताना डोळे मिटते, लोकांना वाटतं झोपली.

लोभ आहेच. तो वाढवायचा की नाही ते तुझ्या उत्तरावर.
अज्जी

—

कोथरूड, पुणे
१४ ऑक्टोबर २०२५

ती. अज्जीस दिव्यश्रीचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझ्या मुलावर, अण्णांवर, चिडू नकोस. पाहुणी म्हणून छापा, असं मीच सांगितलं. मॅनेजर गिरीराजअण्णांचा मेसेज आला होता की शेवटच्या रविवारी गाशील का. मी लिहिलं, गाईन, पण पाहुणी म्हणून. त्यांनी अण्णांना विचारलं, अण्णांनी सरी, चालेल म्हटलं. एवढंच. अण्णा माझ्याशी स्वतः एक अक्षर बोलले नाहीत, मीही नाही.

कारण तुला ठाऊक आहे. गेल्या वर्षीच्या गणपतीत देवनहळ्ळीला, त्या नव्या लेआउट वसाहतीच्या मैदानात, माझं दुसरं कडवं नुकतं सुरू झालं होतं. पाहुणे गायक विमानतळावरून थेट आले, परतीच्या विमानाची घाई होती. अण्णांनी मूठ वर केली. मूठ वर झाली की ड्रमवाल्या पद्माकरअण्णांनी शेवटचा ठोका द्यायचा आणि सगळ्यांनी गाणं तिथेच संपवायचं, हे आपल्याकडे मला पाचवीपासून माहीत आहे. माझा शब्द अर्धा तोंडात होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या पाहुण्यांना बघून. मी माइक स्टँडला लावला आणि खाली येऊन वायरी गुंडाळत बसले, कारण घरच्यांनी वायरी गुंडाळायच्या असतात.

अज्जांचा नियम होता ना, पाहुण्याचं गाणं कापायचं नाही? घरच्यांचं कापलं तरी चालतं, कारण घरचे जाणार कुठे? मी गेले. आता आले तर जसं आल्यावर गाणं पूर्ण होतं तसंच येईन. त्यात तुझा अपमान नाही.

इथे सगळं बरं आहे. खोलीवरच्या मुग्धाला तुझं चित्रान्न करून घातलं, ती म्हणते हा तर फोडणीचा भात. मी भांडले.

तब्येतीला जप. तुझी माया आहे तशी राहू दे, एवढं मागते.
तुझी
दिव्यश्री

—

बनशंकरी
२४ ऑक्टोबर २०२५

चि. दिव्यश्रीस आशीर्वाद.

तुझं पत्र दिवाळीच्या गडबडीत आलं. चकल्या काढताना वाचलं, म्हणून कागदावर तेल आहे. तुझ्या पत्राने मी रडले वगैरे नाही. चकल्या मात्र थोड्या लाल झाल्या.

बरोबर बोललीस. गाणं कापलं ते चुकलंच. तुझ्या अज्जांनी, म्हणजे विश्वासरावांनी, तो नियम केला तेव्हा ऑर्केस्ट्रात सगळे मोठे बाप्ये होते. कुणी रुसलं तर दोन दिवसांत चहा प्यायला परत यायचं. पोरगी गाऊ लागेल, हे त्यांच्या डोक्यात आलंच नसेल.

पण आता तू नियमानेच चालणार असशील तर सगळा नियम ऐकून घे. पाहुण्याला स्टेशनवर घ्यायला गाडी जाते, खरं. शाल, नारळ, पुढची खुर्ची, सगळं खरं. पण पाहुण्याला आपल्या घरात उतरवत नाहीत, लॉजवर उतरवतात. त्यांच्या गाण्याआधी कोण खोकलं, कोण घोरलं याची चर्चा नको म्हणून. म्हणजे तुझ्यासाठी इथे गादी नाही. पाहुण्याला दोनच गाणी. आणि कार्यक्रम झाला की पाहुणा गाडीत बसून जातो. रिकाम्या स्टेजवर मांडी घालून सगळे बिसी बेळे भात खातात, पद्माकर दुसऱ्याच्या पानातला पापड चोरतो, आज कोण कुठे चुकलं यावर भांडणं होतात. त्यात पाहुणा नसतो. हुबळीच्या बासरीवाल्याला त्याचं काही वाटणार नाही. तुला वाटेल का, ते तू बघ.

आता तालमीचं सांगते. परवा मी स्वतः गोदामावर गेले, दिवाळीचं उरलेलं आणि चित्रान्नाचा डबा घेऊन. रिक्षावाला म्हणाला, अज्जी, या वयात यशवंतपूरच्या बाजारात काय काम. म्हटलं, ऑर्केस्ट्रात आहे मी. त्याने मीटर टाकलं.

कस्तुरी गात होती. मधेच शार्दूल आला, बरोबर दोन माणसं, एक फोन धरायला, दुसरा कशाला ते कळलं नाही. आल्या आल्या त्याच्या माणसाने उल्हासला सांगितलं, सरांना पुढे कुठेतरी उद्घाटन आहे, सरांची गाणी आधी घ्या. कस्तुरीचं दुसरं कडवं चालू होतं. तिने डोळे उघडले. पद्माकर तुझ्या बापाकडे बघायला लागला. सगळेच बघायला लागले. उल्हासचा हात वर गेला. खोटं सांगत नाही, खांद्याच्या वर गेला, मूठ वळलेली. मग त्याच हाताने त्याने डोकं खाजवलं. चांगलं पुष्कळ वेळ खाजवलं. कस्तुरीचं गाणं शेवटपर्यंत गेलं. शार्दूल कांद्याच्या पोत्यावर बसून माझं चित्रान्न खात राहिला, दुसऱ्यांदा मागून घेतलं. पोरगा वाईट नाही, माणसं वाईट ठेवलीत.

जे डोळ्यांनी दिसलं ते लिहिलंय, त्याचा अर्थ लावायला मी शिकलेली नाही.

तुझ्या मैत्रिणीला सांग, चित्रान्नात लिंबू आणि शेंगदाणे असतात. फोडणीच्या भातात काल रात्रीचा भात असतो.

लॉजवर राहायचं की घरी, ते कळव. माया लॉजवर पाठवता येत नाही, एवढं ध्यानात ठेव.
अज्जी

—

पुणे
२९ ऑक्टोबर २०२५

ती. अज्जीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि मोठ्याने हसले. समोरच्या शौर्यला वाटलं पगार वाढला.

डोकं खाजवलं ते मी मोजू की नको, अज्जी? दोन दिवस विचार केला. तालीम वेगळी, कार्यक्रम वेगळा. तालमीत विमान चुकत नाही.

खरं सांगते, मला लॉजवर राहायचं नाही. मला दोन गाणीही नको आहेत, चारही रविवार हवे आहेत. ऑफिसने नोव्हेंबरभर घरून काम करायला सरी म्हटलंय, ते मी अजून कुणालाच सांगितलं नाही. पहिल्या रविवारच्या आधीच्या गुरुवारचं रेल्वेचं तिकीटही काढून ठेवलंय. पण मी घरची म्हणून आले आणि परत मूठ वर झाली, तर पुन्हा येणं मला जमणार नाही. घरीसुद्धा. हे धमकी म्हणून लिहीत नाही.

अण्णांनी एकदा मला स्वतः सांगावं की माझं गाणं पूर्ण होईल. गिरीराजअण्णांनी नाही, आईने नाही, तूही नाही. ते सांगतील तर मी घरी उतरेन, वायरीही गुंडाळेन. नाही सांगितलं तर तिकीट बदलून शेवटच्या रविवारी येईन, लॉजवर राहीन, दोन गाणी गाईन आणि जाईन. मी नीट गाईन, तू काळजी करू नकोस.

आईला नमस्कार. तुझ्या गुडघ्यांना तेल लावतेस ना? तुझा राग माझ्यावर असाच राहो, त्याशिवाय मला करमत नाही.
दिव्यश्री

—

बनशंकरी, वरचा मजला
३ नोव्हेंबर २०२५

चि. उल्हास यास आईचे आशीर्वाद.

खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मुलाला आईने पत्र लिहावं, हे चांगलं दिसत नाही. पण तोंडाने सांगितलं की तू मान हलवतोस. कागदापुढे मान हलवून काही होत नाही, म्हणून लिहिलं. सोबत तुझ्या मुलीचं पत्र ठेवलंय. ते आधी वाच, मग हे वाच. मी चहा आत्ताच पाठवलाय, तो निवला तरी चालेल.

वाचलंस? आता ऐक.

तुझा हंगाम चांगला जाणार. हॉल भरणार, शार्दूल आला तरी आणि नाही आला तरी. माणसं तुमची गाणी ऐकायला येतात, तीस वर्षं येतात, पाहुणा म्हणजे वरची कोथिंबीर. देवनहळ्ळीला तो गायक निघून गेला असता तर जाऊ द्यायचा होता. त्याच्याशिवाय मैदान रिकामं झालं नसतं. तू घाबरलास. माणूस घाबरतो. पण घाबरून हात नेमका आपल्या माणसावर उचलला जातो, कारण ते ओरडत नाही. तुझी पोरगी ओरडली नाही, पुण्याला गेली.

तुझ्यामाझ्यात लपवाछपवी नको. काल कस्तुरी माझ्याकडे आली होती. पहिल्या रविवारचं पहिलं गाणं, गणपतीचं, कुणी म्हणायचं, असं तिने तुला दोनदा विचारलं. तू म्हणालास, बघू. बाकी सगळी गाणी वाटून झाली, साड्यांचे रंगसुद्धा ठरले, आणि पहिल्याच गाण्याला बघू? ते गाणं दिव्यश्री शाळेत असल्यापासून म्हणते. तू कुणासाठी ठेवलंयस ते कस्तुरीला कळत नसेल, मला कळतं. ठेवलंयस तर तसं तिला सांग. ठेवून मुका बसलास तर ती जागा रिकामीच राहील आणि पद्माकर नुसताच ढोल बडवेल.

क्षमा माग असं मी म्हणत नाही. तुला ती मागता येत नाही, तुझ्या बापालाही येत नव्हती. मोठं पत्र नको. घरी ये, पहिलं गाणं तुझं, ते शेवटपर्यंत होईल, एवढंच पुरे. पोस्टरवरचं पाहुणी झाकायला कागदाची पट्टी लागेल, ती कापून घे. खळ मी शिजवते.

पोरगी गुरुवारी गाडीत बसायची आहे. आज सोमवार. पोस्टाने जायला वेळ नाही, तेव्हा तुझ्या त्या मोबाइलवर लिही, माझी हरकत नाही.

मला उत्तर नको. श्यामलाने तुझ्या नावाने लिहायचं नाही, गिरीराजने तर मुळीच नाही. दिव्यश्रीला तूच उत्तर द्यायचं, आणि जेवायला वर येण्याआधी द्यायचं.
आई