आईची कललेली मान

बाबा,

आज अकोल्याच्या दवाखान्यात एक बाई आली. तरुण, शेतात राबणारी. मान उजव्या खांद्याकडे कललेली, नजर मात्र समोर. मागून तिचा नवरा आला आणि मी काही विचारण्याआधीच म्हणाला, "डाक्टर, हिले समजावा जरा. बैलबंडीवरून पडली तेव्हापासून नखरे करून राहिली." मी तिची मान दोन्ही हातांत धरून सरळ केली, तिला तशीच धरून ठेवायला सांगितली आणि एक बोट तिच्या नाकासमोरून हळूहळू खाली नेले. किती दिसतात, विचारले. "दोन," ती म्हणाली. "एक वर, एक खाली." त्यावर तिच्या नवऱ्याला मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. माझ्या कंपाउंडरने उठून दार लोटून घेतले, एवढे सांगतो. त्या माणसाचे आणि माझे काही वैर नव्हते. ते बोलणे तुमच्या वाट्याचे होते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षे झाली, म्हणून त्याला ऐकावे लागले.

तो हंगाम तुम्ही विसरला नसाल. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली होती आणि तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला होता. अमेरिका कुठे आहे हे अमरावतीत फार थोड्यांना ठाऊक होते, पण ती लढाई संपू नये म्हणून लोक देवापुढे नारळ फोडत होते. तुम्हीही फोडलात. कापसाचा भाव चढत होता, आणि वखार भरली तेव्हा तुम्ही राहते घर भरायला काढले. ओसरी गेली, माजघर गेले, शेवटी स्वयंपाकघरही गेले. चूल अंगणात आली. आई उन्हात भाकरी थापते आहे आणि तिच्या पाठीमागे खिडकीच्या गजांतून कापूस बाहेर येतो आहे, असे ते घर मला अजून दिसते. आणखी थोडा मावावा म्हणून तुम्ही तिला ढिगावर चढून तुडवायला सांगितलेत, कारण गडी बंड्या उतरवण्यात गुंतले होते. आढ्याला हात लागेल इतक्या उंचीवर ती तुडवत होती. कडेचा कापूस खचला आणि ती मागच्या मागे दाराच्या दगडी उंबऱ्यावर डोक्यानेच आदळली. तो आवाज मी अंगणात ऐकला. तुम्ही मुंबईहून आलेल्या दलालाशी बोलत होता. वळून पाहिलेत आणि म्हणालात, "कापसावरून पडली. तिले काय लागते?" दलाल हसला. मग तुम्हीही हसलात.

तिला उलट्या झाल्या, मग ती झोपून राहिली. उठली तेव्हा मान कललेली होती. मान सरळ केली की तिला सगळे दुहेरी दिसायचे, आणि खाली पाहिले की जास्तच. तव्यावर दोन भाकऱ्या, आणि ती नसलेलीच उलटायला जाऊन हात भाजून घ्यायची. तांदूळ निवडणे सुटले, सुईत दोरा ओवणे सुटले. विहिरीच्या पायऱ्या उतरताना ती पदराने एक डोळा झाकून घ्यायची, म्हणजे पायरी एकच दिसे. हे तिला कोणी शिकवले नव्हते. तुम्ही ओसरीवरून पाहायचात. "लोकाईसमोर अशी मान वाकडी करून काहून पाहतं? मान सरय ठेव," असे तुम्ही म्हणायचात, आणि ती ठेवायची. मग तिच्या हातातला पेला पाहुण्याच्या हाताच्या वरच थांबायचा, आणि दूध सांडायचे. एकदा एका व्यापाऱ्याच्या नव्या अंगरख्यावर सांडले. त्याच आठवड्यात तुम्ही देवऋषी आणलात. त्याने दार लावून तिला मिरच्यांची धुरी दिली. ती बाहेर आली तेव्हा दोन्ही डोळे सुजून मिटले होते, आणि त्या एका संध्याकाळी तिची मान खरोखरच सरळ होती. दोन्ही डोळे बंद असले की दोन दिसायचा प्रश्नच नसतो, हे आज मला कळते. तुम्ही देवऋषीला धोतरजोडी दिलीत.

सूज उतरली, मान पुन्हा कलली, आणि तुम्ही तिला हिवरखेडला माहेरी धाडून दिलेत. बैलांच्या दमणीत बसताना तिने विचारले, "परत कधी येऊ?" तुम्ही म्हणालात, "मान सरय झाली का येजो." मला शाळेसाठी तुमच्याजवळ ठेवलेत. अमेरिकेतली लढाई संपली, भाव कोसळले, घरातला कापूस निघाला आणि खोल्या पुन्हा रिकाम्या झाल्या. त्यांत राहायला आई नव्हती.

ती परत आली ती तुमच्या डोळ्यासाठी. तुमच्या उजव्या भुवईच्या वर ठणका लागला, तुम्ही कपाळाला सुंठ लावून बसलात, आणि एका सकाळी ती पापणी खाली पडली ती उठेना. बोटाने उचलली तर आतले बुबुळ बाहेर, कानाच्या बाजूला गेलेले. पापणी अशी उचलली की तुम्हालाही दोन दिसत, बाबा. पण तुमच्यासाठी गावातला हकीम आला, अकोल्याहून वैद्य आला, शेजारी उशाशी बसून राहिले. धुरी द्यायचे कोणाच्या मनातही आले नाही. हिवरखेडला निरोप गेला आणि आई आली, कललेल्या मानेने आली, आणि तुम्हाला भरवू लागली. तिच्या हाताला घास नेमका तुमच्या तोंडाशी न्यायला जड जायचे. तुम्ही चिडायचात. ती पदर डोळ्यावर ओढून पुन्हा घास उचलायची.

दोन-तीन महिन्यांत तुमची पापणी आपोआप उचलली गेली. तुम्ही अंबादेवीला नवस फेडलात, गावभर पेढे वाटलेत आणि स्वतःही खाल्लेत. ओसरीवर माणसे बसली असताना तुम्ही म्हणालात, "देवाले मनापासून मानलं का डोया उघडते. हिनं कधी मानलंच नाही." आई आत जायला वळली होती. ती थांबली, तिने तुमच्याकडे पाहिले. मी बोलायला तोंड उघडले तर तिने हातानेच गप्प केले.

पुढे पायाच्या जखमेने तुम्ही गेलात. तुमच्या लघवीला मुंग्या लागत होत्या, हे तेव्हा सगळे घर पाहत होते आणि अर्थ कोणाला लागत नव्हता. मी मुंबईला वैद्यकी शिकायला गेलो, आणि तिथे एका प्रेतावर आमच्या मास्तरांनी मला ती नस दाखवली. डोळा हलवणाऱ्या नसांत ती सर्वांत बारीक, दोऱ्याएवढी. मेंदूच्या मागच्या अंगाने निघते आणि लांबचा वळसा घेऊन डोळ्याच्या एकाच स्नायूला जाते, जो डोळा खाली वळवतो. डोक्याला जोराचा मार बसला की ती दुखावते. मग माणूस मान कलवतो, कारण तशी कलवली की दोनाचे एक होते. सुट्टीत घरी आलो आणि आईला सगळे सांगितले. म्हटले, ते ढोंग नव्हते, आई, ती नस आहे. ती शेंगा फोडत होती. म्हणाली, "मी ढोंग करत नव्हती हे मले का माहीत नव्हतं? तुह्या बापाले सांगाचं होतं हे."

म्हणून सांगतो. त्यानंतर मी पुष्कळ डोळे पाहिले. बैलाने लाथ मारलेला गाडीवान आला, त्याचा डोळा नाकाकडे वळून बसला होता. चिखलदऱ्याच्या बाजूची एक पोर आली, डोके दुखून दुखून दोन्ही डोळे आत वळलेले. तिच्या डोक्यात काहीतरी वाढत होते आणि ती वाचली नाही. मधुमेहाची तर किती माणसे आली, तुमच्यासारखीच, भुवई ठणकून पापणी पडलेली. त्यांतल्या बहुतेकांची उघडते. नवस केलेल्यांची उघडते, न केलेल्यांचीही उघडते. तुमची नस गोडाने आजारली होती आणि बरी झाली. आईची दगडाने दुखावली आणि तशीच राहिली, आणि तो दगड तुमच्या दाराचा होता. तुम्ही दोघे एका घरात तोच त्रास भोगलात. तुमच्या त्रासाला आजार म्हटले गेले. तिचा त्रास तिचा स्वभाव ठरला. आई माझ्याजवळ इथे अकोल्यात वारली. आम्ही तिला सरळ निजवले, तेव्हा शेजारच्या बाईने मान नीट केली. मी ती पुन्हा कलती करून ठेवली.

हे सारे इतके कडक लिहिले आहे. पण तुम्ही आज या खोलीत आलात, तर मी खुर्चीवरून उठून उभा राहीन, आणि तुम्ही 'खाली बस' म्हणेपर्यंत यातला एक शब्दही माझ्या तोंडून निघणार नाही.