साबणाच्या डब्यातले जबडे

॥ श्री ॥

ती. वन्सं यांच्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

देवाच्या कृपेने आम्ही दोघं धडधाकट आहोत (तुमच्या भावाचं वजन या आठवड्यात दोन किलो उतरलं, पण ते भरून येईल). तुमचे गुडघे कसे आहेत? नवी कवळी बोचत नाही ना? बोचली तर तिथल्या डॉक्टरांकडे धावू नका, आम्हाला कळवा. घरची लॅब असताना बाहेर फी कशाला भरायची? कवळीचं मी अजून कुणालाही बोललेले नाही, तुमच्या सूनबाईंना तर नाहीच.

आता पुढचं बसून वाचा. गेल्या बुधवारी सकाळी देवाला हात जोडून मी लॅबचं दार उघडलं. कुलूप जागेवर, खिडकीची जाळी जागेवर, आणि तरी चोरी झालेली. हल्ली दातांचे ठसे पूर्वीसारखे घेत नाहीत हे तुम्हाला ठाऊकच आहे. डॉक्टर तोंडात कॅमेरा फिरवतात, जबडा संगणकातून आपल्याकडे येतो आणि मशीन त्यावरून कवळी कोरतं. असे चार हजार जबडे आपल्याकडे होते. चोराने एकालाही हात न लावता सगळ्यांना कुलूप घातलं होतं. पडद्यावर फक्त एक पत्र. वन्सं, इतकं अदबशीर पत्र मला माहेरहूनसुद्धा कधी आलेलं नाही. आधी नमस्कार, मग तसदीबद्दल दिलगिरी, मग किल्लीची किंमत, आणि खाली बहात्तर तासांचं उलटं चालणारं घड्याळ. (काही अडचण आल्यास विचारायला पत्ताही दिला होता. आपला गॅसवाला एवढं करत नाही.) कधी न पाहिलेला माणूस कुठेतरी बसून आपल्या टेबलावरचे जबडे आवळू शकतो, या विचाराने अंगावर काटा आला आणि, खरं सांगते, हात आपोआप जोडले गेले. एवढी बुद्धी देवाने दिली, आणि त्याने ती कुठे नेऊन घातली!

किंमत म्हणजे नव्या मशीनसाठी आठ वर्षं साठवलेली सगळी ठेव. ती दिली नाही तर डॉक्टर लोक दोन गल्ल्या सोडून असलेल्या दुसऱ्या लॅबकडे जाणार आणि आपली बंद पडणार. हे बँकेत जायला निघालेसुद्धा, एका पायात स्वतःची चप्पल आणि एका पायात माझी. मी म्हटलं, आधी संगणकवाल्या बाईंना बोलवा. या बाई माझ्याच वयाच्या, केस पांढरे, बोलणं मोजकं. त्यांनी सांगितलं की याला रॅन्समवेअर म्हणतात, आणि पैसे देऊनही किल्ली मिळेलच याचा भरवसा नाही. मग बॅकअप कुठे आहे विचारलं. यांनी मोठ्या ऐटीत संगणकाला कायमची जोडलेली महागडी डिस्क दाखवली. बाईंनी पाहिलं आणि मान हलवली. जे संगणकाला जोडलेलं, तिथवर चोराचा हात पोचलेला. तीही गेली होती. हे खाली बसले ते कवळ्यांच्या ट्रेवरच बसले (तीन कवळ्या गेल्या, त्या वेगळ्या).

तेव्हा मी कोठीच्या खोलीत गेले आणि साबणाचा डबा घेऊन आले. यांनी मागे एक जुनी डिस्क फेकायला काढली होती. चालणारी वस्तू फेकवेना, म्हणून दर शनिवारी सगळे जबडे मी तिच्यावर उतरवून घ्यायचे. मग तिचा तो दिवा फुकट जळायला नको म्हणून वायर काढून, उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळून डब्यात ठेवायचे. यावरून चार वर्षं यांनी मला ऐकवलं आहे. यांनी ती डिस्क माझ्या हातून ओढली आणि त्याच आजारी संगणकाला जोडायला धावले. बाईंनी यांचं मनगट धरलं.

"थांबा. साथीच्या घरात लेकरू नेताय."

दोन दिवस त्यांनी संगणक धुऊनपुसून कोरा केला. तिसऱ्या दिवशी डिस्क जोडण्याआधी मला विचारलं, हिच्यावरचं काही कधी उघडून पाहिलंय का, कारण पुष्कळांची प्रत ऐन वेळी उघडतच नाही. मी म्हटलं, दर महिन्याला एक जबडा उघडून बघते. कोणाचा? तर वन्सं, तुमचाच. घरचं माणूस म्हणून. पहिला तोच उघडला. कवळीचे सगळेच्या सगळे दात जागच्या जागी, तेजःपुंज. हे रडले. बाई माझ्याकडे वळल्या.

"वहिनी, हेच करा म्हणून आम्ही लोकांना वर्षानुवर्षं सांगतो. तुम्ही विजेच्या बिलासाठी केलंत."

शनिवारनंतर आलेल्या अकरा जणांना मात्र परत तोंड उघडायला लागलं. बाकी सगळे सुखरूप. मी कसली हुशार? करणारा वर बसला आहे.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. : बाईंनी सांगितलं, तीन प्रती हव्यात, आणि एक तरी दुसऱ्या गावी. म्हणून सोबत साबणाचा डबा पाठवला आहे. तुमच्या लोखंडी कपाटात ठेवा. कशालाही जोडू नका, जावईबापूंनी कितीही आग्रह केला तरी. तीन महिन्यांनी नवा पाठवीन, तेव्हा हा परत करा (डबासुद्धा).

ता. क. २ : देवाला सांगितलं आहे, आता तुम्हाला सांगते. मंगळवारी एक मेल आला होता. विजेचं बिल जास्त घेतलं गेलं आहे, परतावा हवा असल्यास येथे दाबा. मी दाबलं. बाईंना ते सापडलं, पण त्या यांच्यासमोर काही बोलल्या नाहीत. तुमच्या भावाला कळायला नको.

ता. क. ३ : तसदीबद्दल दिलगीर आहे. डब्यात तुमचाही जबडा आहे, नावासकट. सूनबाईंना त्यातलं काही कळणार नाही याची मी पूर्ण काळजी घेईन. काही अडचण आल्यास पत्ता पाकिटावर दिला आहेच.