मागच्या खोलीसाठी प्रोजेक्टर

२ फेब्रुवारी
निर्णय झाला. मागच्या खोलीत होम थिएटर करायचं. मी घरातली पहिली पदवीधर. नोकरी लागली, आता घराची दृष्टी बदलणं ही माझी जबाबदारी. आई आणि वहिनी संध्याकाळभर मोबाइलवर दुसऱ्यांच्या सासवांची भांडणं बघतात. दादा ट्रक उलटल्याचे व्हिडिओ बघतो. बाबा काहीच बघत नाहीत, नुसते शिवतात. मोठा पडदा आला की सगळे एकत्र बसतील. जगभरातले उत्तम माहितीपट, नंतर चर्चा.
त्या खोलीत बाबांची शिलाई मशीन असते. माझं सगळं शिक्षण त्याच मशीनवर झालं. त्या खोलीसाठी आपण काहीतरी केलंच पाहिजे.

५ फेब्रुवारी
जेवताना सगळ्यांना सांगितलं. आई म्हणाली, आणि हे कुठे शिवणार, माझ्या डोक्यावर? हा प्रश्न येणार हे मी धरूनच चालले होते. पॅसेजमध्ये. तिथे ट्यूबलाइट आहे, माणसांची ये-जा आहे, बाबा एकटे पडणार नाहीत. दादा म्हणाला, ये-जा आहे म्हणजे येता-जाता धक्के आहेत. दादाला टेंपो चालवून चालवून सगळीकडे धक्केच दिसतात.
बाबा म्हणाले, त्या खोलीतली खिडकी बरी पडते गं, काळा दोरा कुठला आणि गडद निळा कुठला ते तिथेच कळतं. मग लगेच म्हणाले, पण ती शिकलेली आहे, तिने विचार केला असेल.
केलाच आहे.

९ फेब्रुवारी
प्रोजेक्टरचा अभ्यास सुरू. ल्यूमेन, कॉन्ट्रास्ट, लॅम्प की लेझर. दोन प्रोजेक्टर नक्की केले. रात्री दोन्ही रद्द. घाई करायची नाही, हे घराच्या भविष्याचं काम आहे.
मशीन मात्र आजच हलवली. निर्णय लांबवण्यात अर्थ नसतो.

१६ फेब्रुवारी
खिडकीला जाड पडदे लावले. कडेने उजेड शिरतोच. उजेड शिरला की कॉन्ट्रास्ट मेला. वेबसाइटवर स्पष्ट लिहिलंय, खोली जितकी काळोखी तितका प्रोजेक्टर सुखी.
उद्या गवंडी येतोय. खिडकी विटांनी बुजवून टाकायची. अर्धवट कामं मला आवडत नाहीत.

१७ फेब्रुवारी
बुजवली. आईने गवंड्याला चहासुद्धा विचारला नाही. मला फार अवघडल्यासारखं झालं. कष्टकऱ्यांचा मान राखावा हे या घरात कधी रुजणार? मी स्वतः चहा केला. तो म्हणाला, ताई, साखर राहिली.

२३ फेब्रुवारी
भिंतींना गडद राखाडी रंग दिला. छतालाही. आई दारात उभी राहून म्हणाली, अंधारात बसायला पदवी लागते होय? बदलाला विरोध होतोच.
प्रोजेक्टर अजून ठरत नाही. ऑफिसमधली मैत्रीण म्हणाली, आधी प्रोजेक्टर ठरव, मग खोली कर. तिला तपशिलाचं कौतुक जास्त.

४ मार्च
अप्रिय प्रसंग. वकीलसाहेब, म्हणजे बाबांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, सकाळीच तणतणत आले. काळ्या कोटाची पूर्ण पाठ निळ्या दोऱ्याने शिवली गेली होती. उन्हात गेल्यावर कोणीतरी दाखवलं म्हणे. पॅसेजमध्ये उभं राहून, वहिनीसमोर बाबांना म्हणाले, मास्तर, डोळे गेले असतील तर तसं सांगा, आम्ही दुसरीकडे जातो. बाबांनी कोट घेतला, बाहेर पायरीवर उन्हात बसून सगळी शिवण उसवली आणि पुन्हा घातली. वकीलसाहेब तेवढा वेळ स्कूटरवर बसून होते. जाताना, शिवायला टाकलेल्या दोन पँटींचं कापडही मागून घेतलं.
मी बाबांना समजावलं, की हा अपमान नाही, फीडबॅक आहे. बाबा म्हणाले, बरं.
डोळे तपासून घ्यायला हवेत. या वयात माणूस स्वतःची कमजोरी मान्य करत नाही.

६ मार्च
बाबांना घेऊन डॉक्टरकडे. मी सुट्टी टाकली. डॉक्टर म्हणाले, नजर वयाच्या मानाने उत्तम आहे, फक्त काम उजेडात करा. हल्ली डॉक्टर पेशंटला वेळच देत नाहीत.
येताना प्रोजेक्टरचं शोरूम लागलं, तेव्हा तिथे डोकावले. बाबा बाहेर बाकावर बसले. मला उशीर झाला, पण लेझरचे रंग काय सुंदर आहेत! काळ्यातसुद्धा छटा दिसतात. अगदी निळसर काळा, तपकिरी काळा. बाबांना बोलावून दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, इथे छान कळतंय. त्यांची रसिकता जागी होतेय.
ठरलं. लेझर.

१५ मार्च
प्रोजेक्टर आला!
जोडला. चित्र टॉवेलएवढं दिसतंय. मोठं करायचं तर प्रोजेक्टर मागे न्यायला हवा, आणि मागे भिंत आहे. हे मॉडेल लांबलचक खोलीसाठी असतं असं मॅन्युअलमध्ये पहिल्याच पानावर लिहिलंय. पहिलं पान कोण वाचतं?
दुकानदार म्हणाला, खोका फोडलेला परत घेत नाही. तत्त्व म्हणून मला ते पटतं.

१६ मार्च
मार्ग सापडला! खोलीचं दार उघडं ठेवायचं आणि प्रोजेक्टर बाहेर पॅसेजमध्ये ठेवायचा. भिंतभर चित्र येतं. फक्त जागा नेमकी मशीनचीच लागते. आणि पॅसेजमधली ट्यूब बंद ठेवायला हवी.
दादा ताटावरून उठला. म्हणाला, आता बाबांना माळ्यावर टाक. आई म्हणाली, माळ्यावर हिच्या प्रोजेक्टरचे खोके आहेत. दोघांच्या विनोदबुद्धीत तफावत नाही.
बाबा म्हणाले, गिऱ्हाइकं तशीही कमीच झालीत.
म्हणजे त्यांनाही पटलं.

२२ मार्च
बाबांना नोकरी लागली! या वयात! बाजारातल्या रेडिमेड कपड्यांच्या दुकानात, तळघरात, पँटींची उंची कमी करायची. मशीन स्वतःचीच न्यायची. दुकानाचा मालक पूर्वी आमच्याकडे काजं करायला शिकत होता. त्याने बाबांची आठवण ठेवली, याला म्हणतात माणुसकी. ठरलेला पगार, युनिफॉर्मसुद्धा. माझ्यानंतर घरातली दुसरी नोकरदार व्यक्ती म्हणून त्यांचं अभिनंदन केलं.
दादाने टेंपोतून मशीन नेली. माझ्याशी बोलत नाही. पुरुषांना घरात बाईने घेतलेले निर्णय झेपत नाहीत, यावर एक माहितीपट आहे, त्याला दाखवेन.

३० मार्च
दुकानावरून जाताना सहज खाली वाकून पाहिलं. मालक सगळ्यांसमोर म्हणत होता, मास्तर, हात चालवा जरा, इथे तुमचं राज्य नाही. बाबा मान खाली घालून हसले. मला पाहिलं नाही, मीही हाक मारली नाही. कामाच्या ठिकाणी घरचं माणूस गेलं की अवघडतं.
टीमवर्क शिकायला थोडा वेळ लागणारच.

५ एप्रिल, रविवार, दुपार
उद्घाटनाचा खेळ. भर दुपारी मिट्ट काळोख. काय कॉन्ट्रास्ट!
दादा आला नाही. वहिनी शेजारी गेली, तिथे मालिका लागते. आई आली, पण भाजी निवडायला घेऊन. अंधारात देठं राहिली आणि पानं गेली, तेव्हा तीही उठून गेली.
मी मुद्दाम बाबांसाठी निवडून माहितीपट लावला होता. हाताने काम करणाऱ्या, संपत चाललेल्या कारागिरांवरचा. एक म्हातारा शिंपी मोठ्या खिडकीत बसून कोट शिवतो. निवेदक विचारतो, अशी माणसं आपण का गमावतो? मला रडू आवरेना. चर्चेसाठी मी तिथेच पॉज केलं. पूर्ण भिंतभर पांढरीशुभ्र खिडकी.
बाबांना म्हटलं, बोला, तुम्हाला काय वाटतं?
ते उठले. आत जाऊन दुकानाचा युनिफॉर्मचा शर्ट आणला. त्याचं बटण तुटलं होतं. स्टूल ओढून भिंतीशी, त्या खिडकीपाशी बसले, सुई डोळ्यांसमोर धरली आणि एका फटक्यात दोरा ओवला.
मी म्हटलं, बाबा, जरा बाजूला सरका, मध्ये येताय.
सरकले.