साहेबाने अमरावतीचा कापूस घेतला

मुक्काम अमरावती, माघ, शके १७८६

मॉरिशस बेटी सुखाने नांदणारे आमचे व्याही सूर्यभानजी यांसी भगवंतरावाचा दंडवत. आम्ही इकडे खुशाल. तुमचा दमा आणि विहीणबाईंचा गुडघा कसा आहे ते कळवावे. (दोघांनाही वेळेवर ज्वारीची भाकरी मिळती तर ही वेळ आली नसती, असे इथली मंडळी म्हणतात.)

वऱ्हाडचा कापूस आपल्या मॉरिशसच्या बंदरात आणून दाखवला नाही तर मी तिथल्या आपल्या मंडळींचे पुढारपण सोडावे, असे तुम्हीच पंचांत बोलला होता. तर व्याहीबुवा, आता जरा घट्ट बसा.

सुरुवात अकोल्यात झाली, ती काही बरी झाली नाही. अमेरिकेतल्या लढाईने कापसाला सोन्याचे दिवस आलेत, त्यामुळे इथे सगळ्यांनाच आभाळ ठेंगणे झाले आहे. कापूस घ्यायला तिकडून बरोबर आणलेल्या फ्रेंच साहेबाला शेजारी बसवून मी मायदेश आणि परदेशस्थ बांधव यांवर पुष्कळ बोललो. शेवटी एका म्हाताऱ्याने विचारले, "मॉरिशस तिवस्याच्या अलीकडं हाये का पलीकडं?" आम्ही अमरावतीची वाट धरली.

वाटेत साहेबाला बजावले, की आमचे लोक मानी; कोणी हात पुढे केला तर मनापासून दाबायचा. आता इतकी वर्षे परदेशात काढल्यावर, आपल्याकडे सौदा उपरण्याखाली होतो, बोटे दाबून भाव सांगतात आणि अख्खा पंजा दाबला की सौदा पक्का, हे माणूस विसरणारच. (तुम्हीही विसरला असाल, कबूल करा.) अब्दुल रहीम दलालाने उपरण्याखाली हात सरकवला. साहेबाने तो दोन्ही हातांनी धरून असा हलवला, की दलालाची टोपी पडली. घासाघीस नाही, काही नाही! मग सगळा बाजार रांगेत उभा राहिला आणि साहेबाने एकालाही नाराज केले नाही. अब्दुल रहीम म्हणाला, "भाऊ, असा दिलदार गिऱ्हाईक म्या जिंदगीत पाह्यला नाई. कुठून आनला तुमी?"

व्याही, माझे डोळे भरून आले. ज्या बाजारात माझ्या बापाने हमाली केली, तिथे मला फेटा बांधून वाजतगाजत मिरवले. पंचांना हे तुमच्याच तोंडून कळू द्या. विहीणबाईंना नमस्कार, आमच्या लेकीला आशीर्वाद.

ता. क. आपण एक गाडी कापूस घेतला आणि बाकीच्यांशी नुसती ओळख झाली, अशी साहेबाची समजूत आहे. डोक्यावर फेटा असताना त्याला खरे सांगणे मला बरे दिसेना. त्याच्या शेठकडे तुमचे जाणेयेणे आहे, तेव्हा आम्ही पोचण्याआधी ही गोष्ट तुम्हीच त्यांच्या कानावर घालावी. अशा वेळी घरचाच माणूस लागतो.

आणखी ता. क. साहेब आत्ताच बैलबाजार पाहून आला. तिथलेही सगळे जण उपरण्याखाली फार प्रेमाने भेटले म्हणतो. जहाजावर कडब्याची सोय करायला सांगावे.