ओटीतला नारळ आणि एक कमी पडलेली सही

चंदीगड, सेक्टर बावीस
फेब्रुवारी १९८८

ती. शशिकला वन्सं,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे तो कागदावरच घातला आहे, गोड मानून घ्या.) तुमचा दमा कसा आहे? सांगलीत थंडी ओसरली असेल. इथे धुकं असतं, आणि धुकं नसेल त्या दिवशी बंद असतो, त्यामुळे रस्ता दिसला काय आणि न दिसला काय, सारखंच. मी बरी आहे. म्हणजे तुमचे बंधू गेल्यापासून जेवढी असते तेवढी.

हेरंबरावांची, आपल्या जावयांची, नागपूरला बदली झाली. मीनाक्षीचं म्हणणं, घर तिच्या नावावर करून द्यावं. ती ते विकेल आणि मी त्यांच्याबरोबर नागपूरला जाईन. म्हणण्यात चूक काही नाही. गल्लीतल्या निम्म्या दारांना कुलपं आहेत, आणि उरलेल्या दारांतली माणसं संध्याकाळी कडी लावल्यावर बेल वाजली तर आधी देवाचं नाव घेतात. घर तिलाच जायचं आहे, मग मेल्यावर देण्यापेक्षा जिवंतपणी द्यावं, घेणारीचं तोंड तरी बघायला मिळतं. तुम्ही लिहिलं होतं की मृत्युपत्र कर, बक्षीसपत्र करू नकोस, दिलेलं घर परत मागता येत नाही. म्हणून मी वाचनालयातून कायद्याचं पुस्तक आणलं आणि शब्दकोश शेजारी ठेवून वाचलं. बक्षिसावरचा कर देणाऱ्याने भरायचा असतो, घेणाऱ्याने नाही. (आईपण म्हणजे काय ते सरकारलाही कळलं आहे म्हणायचं.) घेणाऱ्याने ते देणाऱ्याच्या हयातीतच स्वीकारावं लागतं, आणि बदल्यात काही घेतलं तर ते बक्षीस राहत नाही. शिवाय हे सारं नैसर्गिक प्रेमापोटी केलं असं आमच्या वकिलांनी मसुद्यात घातलं होतं. त्या आठवड्यात मीनाक्षीचा आणि माझा पडदे विकायचे की न्यायचे यावरून अबोला होता. मी वकिलांना विचारलं, आत्ता असं लिहिलं तर खोटं ठरेल का. ते म्हणाले, "माताजी, प्यार पक्का है ना? बस. लडाई का कॉलम नहीं होता."

साक्षीदार म्हणून वकिलांचे कारकून आणि शेजारचे ग्रेवालजी आले. (बंदच्या दिवशी रिक्षा मिळेना तेव्हा तुमच्या बंधूंना इस्पितळात नेणारे ग्रेवालजीच. पोचलो तेव्हा उशीर झाला होता, पण तो ग्रेवालजींमुळे नाही.) नोंदणी कचेरीच्या फाटकावर पगडी बघून शिपायाने त्यांची दोनदा झडती घेतली, माझ्या पिशवीकडे बघितलंही नाही. ग्रेवालजी हळूच म्हणाले, "बहनजी, बम लाना हो तो आप ही लाना." आम्ही दोघं हसलो, पण शिपायाकडे पाठ फिरवून.

पिशवी खरं तर मीनाक्षीची. तीत लाल खणात गुंडाळलेला नारळ होता, तो कशाला ते मला ठाऊक नव्हतं. नंबर पुकारला तशी पिशवी बाकावरच राहिली. इथे बसमध्ये, सिनेमाच्या दारात, सगळीकडे लिहिलेलं असतं की बेवारस वस्तूला हात लावू नका. कुणीतरी त्या गोल गाठोड्याकडे बोट दाखवलं आणि सगळी कचेरी मैदानात आली. आम्हीही धावलो, आपल्याच नारळापासून. मैदानात ग्रेवालजींनी विचारलं, "बेटी, तेरी थैली कहाँ है?" तेव्हा उलगडा झाला.

तपास होऊन नारळ मिळाला आणि साहेबांसमोर उभं राहिल्यावर मीनाक्षी म्हणाली, "मम्मी, पल्लू आगे करो. घर ले रही हूँ, खाली हाथ कैसे लूँ?" ती माझी ओटी भरत होती. वन्सं, तुम्ही आता कपाळाला हात लावला असेल. विधवेची ओटी भरत नाहीत हे तिला कुणी सांगितलेलंच नाही, इथे सांगणारं होतं कोण? मी सांगायला हवं होतं. मी पदर पुढे केला.

साहेबांनी चष्मा काढला. "ये क्या लेन-देन है? गिफ्ट के बदले कुछ नहीं ले सकते."

ग्रेवालजी म्हणाले, "साबजी, नारियल ही तो है."

"नारियल भी चीज है," साहेब म्हणाले, आणि संशय आल्यामुळे त्यांनी सगळा कागद पहिल्यापासून वाचायला घेतला. वाचता वाचता एक सही कमी निघाली. (वकील छताकडे बघू लागले.) कागद परत मिळाले, नारळ तेवढा माझ्याकडे राहिला. येताना मीनाक्षी रडली. मला रडू आलं नाही, याचं मला वाईट वाटलं.

तब्येतीला जपा. वाफारा चुकवू नका.

तुमची वहिनी,
पद्मिनी

ता. क. कमी पडलेली सही तुमची. घर यांच्या नावावर होतं आणि मृत्युपत्र नव्हतं, म्हणून मीनाक्षी आणि माझ्याबरोबर सासूबाईंचाही हिस्सा लागला, आणि गेल्या साली त्या गेल्यावर त्यातला काही तुमच्याकडे आला. पुस्तकातलं ते प्रकरण मी वाचलंच नव्हतं. हक्क सोडल्याच्या कागदावर सही करायला तुम्ही इथे यावं, असं मीनाक्षीने लिहायला सांगितलं आहे.

आणखी एक. वरचं सहीचं तेवढं मीनाक्षीला वाचून दाखवलं, बाकीचं पत्र आणि हे दाखवणार नाही. सही करू नका असं मी म्हणत नाही. पण तुमचा दमा, इथली धूळ, प्रवासाचे हे दिवस. थंडी जाऊ द्या, मग उन्हाळाही जाऊ द्या. यांनी परसात लावलेल्या लिंबोणीला यंदा पहिल्यांदाच कळ्या आल्या आहेत. नारळ मी फोडलेला नाही, देवापुढे ठेवला आहे. तुम्ही आलात की फोडू. घाई नाही.