समोरासमोरचे बाक

अप्पा, गल्लीच्या नाक्यावरचा ओटा आता राहिलेला नाही. तुम्हाला वाईट वाटावे म्हणून हे सांगत नाही. त्यानंतर जे घडले ते सांगण्याजोगे आहे, आणि ते क्रमाने सांगायचे तर ओट्यापासूनच सुरुवात करावी लागते. रस्ता रुंद करण्यासाठी पालिका जी रेषा आखते तिला इकडे लाइनदोरी म्हणतात. ही लाइनदोरी आपल्या बाजूने आखली गेली तेव्हा ओटा पूर्णपणे तिच्या आत आला. उधन्यातल्या बंद पडलेल्या दुकानासमोरचा, कडा झिजलेला, उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत गरम राहणारा तो दगडी ओटा. रुंदीकरणाला माझा विरोध नव्हता, हेही आधीच सांगतो. मायला बरे नव्हते तेव्हा रुग्णवाहिका नाक्यावरच अडकली होती आणि आम्ही तिला खुर्चीवर बसवून नाक्यापर्यंत नेले होते. माय बरी होऊन परत आली आणि पुढे बरीच वर्षे त्या मिरवणुकीची गोष्ट हसत सांगत राहिली. पण रस्ता अरुंद आहे हे मला त्या दिवशी पटले. प्रश्न रस्त्याचा नव्हताच. ओट्यावर बसणाऱ्यांनी आता बसायचे कुठे, हा होता.

ओट्यावर बसणारे म्हणजे तुमचेच लोक. उभे आयुष्य लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात, काढलेले, आणि त्यामुळे कानांनी लवकर निवृत्त झालेले. बाहेरच्या माणसाला वाटायचे की हे म्हातारे भांडताहेत. ते भांडत नसत. भाजीचे भाव सांगत असत. शेजारच्या नव्या इमारतीतून त्यांच्या आवाजाची तक्रारही झाली होती. मला मात्र लहानपणापासून ठाऊक होते की तुमच्या बोलण्यात आवाज दुय्यम आहे. खात्यात शेकडो धोटे एकाच वेळी इकडून तिकडे आपटत असताना कोणी कोणाचे ऐकत नाही; तिथे माणूस माणसाचे ओठ वाचतो. दोन बोटे ओठांशी नेली की चहा. मूठ उलटी केली की धागा तुटला. बाकी सगळे ओठांवर, आणि तेही अहिराणीत, हिंदीत, गुजरातीत, समोरचा जिथला असेल त्या भाषेत. ओडिशाहून आलेल्या कारागिराचे ओठ वाचायला तुम्हाला पहिला उन्हाळा पुरला होता, असे तुम्ही अभिमानाने सांगत असा.

ही सवय घेऊनच तुम्ही घरी येत असा. आपली एकच खोली. तिच्या एका कोपऱ्याला माय स्वयंपाकघर म्हणे. ती चुलीकडे तोंड करून भाकरी थापता थापता काही बोलली की तुम्ही उठून तिच्या पुढ्यात, भिंतीला टेकून बसत असा, धुरात डोळे चोळत. मी पुस्तकात डोके खुपसून उत्तर दिले, तर तुम्ही माझी हनुवटी धरून तोंड वर करत असा आणि म्हणत असा, "मन्हाकडे दखीसन बोल." माझ्याकडे बघून बोल. वर्गातल्या कोणत्याच मुलाच्या बापाला असली सवय नव्हती. मला तो दटावणीचा प्रकार वाटे. मी तोंड वर करत असे, पण मनात कपाळाला आठ्या घालूनच.

मग तो एक दिवस आला. मी वाणिज्य शाखेत प्रवेश घेतला होता, आणि तुमचा डबा घरी राहिला म्हणून मायने मला खात्यात पाठवले. मी दारातच थबकलो आहे. आत आवाज नाही, आवाजाची भिंत आहे. तुम्ही मला पाहता, संच्यांच्या, म्हणजे मागांच्या, रांगेतून येता, आणि डबा घ्यायच्या आधी खिशातून कापसाचे दोन बोळे काढून माझ्या कानांत घालता. बोळे आधीच वळून ठेवलेले आहेत. म्हणजे मी कधीतरी येईन हे तुम्ही धरून चाललेले आहात. तुमचे कान मात्र उघडे. बाहेर आल्यावर मी विचारले, तुम्ही का घालत नाही? तुम्ही माझ्या ओठांकडे पाहून हसलात. "मी घातला ते संचा माले काय सांगी?" कापूस घातला तर संचा मला सांगणार कसा. धागा तुटण्याआधी संच्याचा सूर बदलतो, तो तुम्हाला ऐकायचा असे. मला पत्नी आजही विचारते की लोकांच्या तोंडाकडे एवढे काय बघता. माझे कान ठणठणीत आहेत, अप्पा. बघण्याची सवय तेवढी तुमची आहे.

तुम्ही गेल्यानंतर ओट्यावरची तुमची जागा बरेच दिवस कोणी घेतली नाही. तुमच्या शेजारचे संचे चालवणारे नाना समोर बसत आणि मोकळ्या जागेकडे पाहून पान लावत. पुढे नानांच्या मुलाने कोसाडला घर घेतले. वरच्या मजल्यावर, हवेशीर, सगळ्या सोयींचे. नानांना ते आवडले नाही असे नाही. पण घरात सगळे टीव्हीकडे तोंड करून बोलतात, आणि नातवंडे मोबाइलकडे. मुलगा प्रेमाने वागतो, तरी बोलतो तो बूट घालता घालता. कानाचे यंत्र आणून दिले, तर नाना म्हणाले की त्यात पंखाच जास्त ऐकू येतो. म्हणून ते रोज दुपारी बस पकडून सगळे शहर ओलांडून उधन्याला येत, ओट्यावर बसत, तिथले जुने सोबती तात्या आणि ओडिया काका यांच्याशी पोटभर बोलत आणि दिवेलागणीला परत जात. दिवसभरात नाना बोलत ते एवढेच. ओटा गेला तर नानांचे बोलणे जाणार होते, हे मला लख्ख दिसत होते.

पालिकेने त्यांचा विचार केला नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. सोसायटीच्या कॉमन प्लॉटवर वाहनतळ करायचे घाटत होते. त्यातला कोपरा ज्येष्ठांच्या बैठकीसाठी राखून ठेवावा असे ठरले. आराखडा वॉर्ड कचेरीच्या फलकावर लागला आणि लोकांचे वांधे, म्हणजे हरकती, मागवल्या गेल्या. मी तो आराखडा वाचला. छप्पर होते, पंखे होते, शौचालय होते, वर्तमानपत्रांचे कपाट होते. बागेकडे तोंड केलेल्या बाकांची एक सरळ, देखणी रांग होती, आणि भिंतीवर "शांती जाळवो", म्हणजे शांतता राखा, अशा पाटीची जागाही आखलेली होती. नाना, तात्या आणि काका यांना मी घरी बोलावून सगळे समजावले. तिघे खूश झाले. पंखा आहे म्हटल्यावर तात्यांनी टाळीच दिली. मग मी माझ्या पद्धतीने अर्ज तयार केला: शौचालयाची पायरी काढून उतार करावा, कठडा दोन्ही बाजूंनी असावा, दिव्याची कळ हाताशी असावी. मुद्देसूद, क्रमवार, नियमांच्या आधारासह. तो अर्ज मला फार आवडला होता. नेमकी गोष्ट त्यात नव्हती.

ती कळली सुनावणीच्या दिवशी, कचेरीच्या व्हरांड्यात. आम्हाला भिंतीलगतच्या लांब बाकावर बसवले होते. आधी नाना, मग काका, मग तात्या, आणि शेवटी मी.

"चहा मिळेल का इथं?" तात्यांनी विचारले.

नाना समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले. काकांनी तात्यांकडे वळून "क्या?" म्हटले, तोवर तात्यांनी तोंड पुढे केले होते.

"काय म्हनी ऱ्हायना तो?" नानांनी मला विचारले. मी सांगायला पुढे वाकलो, तर मध्ये काकांचे डोके. काका मागे सरले, तर तात्या पुढे आले. शेवटी चौघेही कमरेत वाकून, माना काढून एकमेकांची तोंडे शोधू लागलो. समोरून जाणारा शिपाई थांबला. "दादा, कुछ गिर गया क्या?"

तात्या वैतागून उठले आणि बाकासमोर जमिनीवर मांडी घालून बसले. "हां," ते म्हणाले, "आता बोला. हा बाक आहे का बसची सीट?"

नाना हसले, आणि त्यांचे हसू मध्येच थांबले. माझ्या हातातल्या आराखड्याच्या प्रतीकडे त्यांनी बोट दाखवले. बाकांच्या त्या देखण्या रांगेवर. "भो," ते हळूच म्हणाले, "तठे बी असंच बठनं शे का?"

मी मान हलवली. तिथेही असेच बसायचे होते. भिंतीला पाठ लावून, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून, बागेतली फुले पाहत, मुके. नानांनी नजर खाली घेतली. ज्या माणसाने रोजचा बसचा प्रवास कधी कष्ट मानला नाही, तो त्या क्षणी पहिल्यांदा थकलेला दिसला. आणि अप्पा, मला धुरात डोळे चोळत मायच्या पुढ्यात बसलेले तुम्ही दिसलात.

आत इंजिनिअर बाई होत्या. वयाने लहान, स्वभावाने सौम्य, समोर फायलींचा ढीग. फाइलमध्ये पाहतच त्यांनी विचारले, "बोलो काका, शुं वांधो छे?" हरकत काय आहे, हा प्रश्न नानांनाच होता. नानांना त्यांचे ओठ दिसत नव्हते. बाईंनी पुन्हा विचारले, अजूनही फाइलमध्ये पाहत. मग नाना बाईंच्याच गुजरातीत म्हणाले, "बेन, मारी सामे जोईने बोलो ने."

बाईंनी मान वर केली. माझ्याकडे बघून बोल. भाषा बदलली होती, वाक्य तुमचेच होते. मी अर्ज बाजूला ठेवला आणि तयारी न करता बोललो, जे मी सहसा करत नाही. खात्याचा आवाज, ओठ, हनुवटी, सगळे सांगितले. बाईंनी अडवले नाही. मग म्हणाल्या की बाक समोरासमोर मांडले तर मधून चाकांची खुर्ची जाणार नाही, आणि तो नियम त्यांना मोडता येणार नाही. मुद्दा बरोबर होता. मी तो मान्य केला. तेव्हा त्या उठल्या, कचेरीतल्या खुर्च्या त्यांनी स्वतः ओढल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही बसून दाखवा, कसे बसता ते." तिघांनी खुर्च्या चौकोनात लावल्या, एक कोपरा उघडा ठेवून. चाकांची खुर्ची आत यायला तो कोपरा पुरे होता. बाईंनी पेन्सिल घेतली आणि आराखड्यावर रांग खोडून तसाच चौकोन काढला.

"आणि ही शांतीची पाटी?" त्यांनी विचारले. "ती काढू का?"

"राहू द्या ना बेन," तात्या म्हणाले. "शांती आमच्या कानातच आहे. पाटी शेजारच्यांना बघायला होईल."

बाई मोठ्याने हसल्या. अंतिम निर्णय समितीचा होता, म्हणून मी घरी येऊन कोणालाच आश्वासन दिले नाही. नाना मात्र मधल्या काळातही येत राहिले. ओटा पाडल्यावर ते आणि तात्या बंद दुकानाच्या पायरीवर बसले, पायरी गेल्यावर आपल्या ओसरीत. त्या महिन्यांत नाना रोज मला विचारत, आणि मी रोज म्हणत असे की अजून काही कळलेले नाही. शेवटी समितीने चौकोन मंजूर केला. माझा उतार आणि कठडाही त्यात आला. दिव्याची कळ तेवढी अजून उंच आहे, तिचा पाठपुरावा चालू आहे.

आता तिथे रोज संध्याकाळी चार भाषा ओठांवर फिरतात. नव्या इमारतीतले एक निवृत्त गृहस्थ, ज्यांनी तक्रार केली होती असा माझा कयास आहे, तेही येऊन बसू लागले आहेत. त्यांचेही कान आता तितकेसे बरे नाहीत. तात्या त्यांना शिकवतात आणि चुकले की दटावतात: "शेठ, ओठ बघा, मिशी नाही!" रस्ता रुंद झाला आहे, गाड्या सरळ आत येतात, आणि नानांची बस आता जवळच थांबते. मी समाधानी आहे, अप्पा. हा शब्द मी जपून वापरतो.

हे सगळे मी स्वच्छ अक्षरात लिहून काढले, पण कुठे पाठवणार नाही. तुमचा पत्ता नाही, हे कारण आहेच. शिवाय गावाहून पत्र आले की ते हातात उलटसुलट करून तुम्ही काय म्हणत असा, तेही मी विसरलेलो नाही. "पत्रले तोंड ऱ्हास का?" पत्राला तोंड असते का. म्हणून काल एक गोष्ट केली, जी घरी सांगितलेली नाही. बैठकीत जाऊन बसलो. माझ्या समोरचा बाक रिकामा होता. हे पत्र मी खिशातच ठेवले आणि त्या रिकाम्या बाकाकडे पाहून, आवाज न करता, नुसत्या ओठांनी पहिल्या ओळीपासून सांगू लागलो. माझ्यासारख्या माणसाला हे शोभत नाही, हे ठाऊक असूनही. कोणाचे लक्ष नाही असे मला वाटले होते. बाजूच्या बाकावरून नानांनी हात वर केला, संचा थांबवायला सांगावे तसा.

"इतली घाई नको करू, पोऱ्या," ते म्हणाले. "तुन्हा बापले समजाव नई."

मी थांबलो. मग तोंड नीट वर केले आणि पुन्हा पहिल्यापासून, सावकाश, सुरुवात केली.